फिल्टर नवा, गाडी बंद

जुन्या डिझेल गाडीचा फिल्टर बदलला की पहिली दोन मिनिटे सगळे ठीक असते. सेल्फ मारताच इंजिन सुरू होते, आवाज नेहमीचा, धूरही नेहमीचा. मालक पैसे चुकते करतो, गाडी रस्त्याला लागते आणि दोन-तीनशे मीटरवर इंजिन धाप टाकू लागते. एक-दोन आचके बसतात आणि गाडी बंद. मग कितीही सेल्फ मारला तरी नुसती घरघर. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या इंदुरी, सुदुंबरे, सुदवडी या पट्ट्यात एखाद्या जुन्या मेकॅनिकला हे लक्षण सांगावे, तो बॉनेट उघडायच्या आधीच म्हणेल, ‘एअर धरलीय.’

निदान बहुतेक वेळा बरोबर असते. आधी गाडी सुरू कशी झाली, याचे उत्तरही त्यातच आहे. फिल्टर उतरवला तेव्हा पंपात आणि पंपापुढच्या नळ्यांत जुने डिझेल शिल्लक होते, त्यावर इंजिन थोडा वेळ चालले. तेवढ्यात नव्या फिल्टरमधली हवा ओढली जाऊन पंपापर्यंत पोचली आणि डिझेलची धार तुटली. दुकानातून आणलेला फिल्टर आतून कोरडा असतो. गाडीच्या आकारानुसार पाव ते अर्धा लिटर हवा त्याच्या पोटात असते. एक डबा काढून दुसरा बसवायला दहा मिनिटे पुरतात. तो डबा डिझेलने काठोकाठ भरणे आणि आतली हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढणे हे खरे काम, आणि घाईत नेमके तेच अर्धवट राहते.

सुदुंबऱ्याच्या आसपास अशा गाड्या अजून दिसतात, कारण त्यांचे माहेरच इथून जवळ आहे. पिंपरी-चिंचवडच्या टाटा कारखान्यातून १९९४ साली सुमो बाहेर पडली. कंपनी घडवणारे अभियंते सुमंत मुळगावकर यांच्या नावाची आणि आडनावाची इंग्रजीतली पहिली दोन-दोन अक्षरे जोडून तिचे नाव ठेवले होते. डिसेंबर १९९८ मध्ये त्याच कारखान्याची इंडिका आली, १४०५ सीसीचे डिझेल इंजिन घेऊन. आकुर्डीच्या बजाज टेंपोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्याचे इंजिन ट्रॅक्समध्ये बसवले आणि मावळातल्या वाड्या-वस्त्यांपर्यंत वडाप वाहतूक त्या गाडीने वर्षानुवर्षे केली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. त्यानंतर तपासणी करून आणि पर्यावरण कर भरून ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. म्हणून नीट ठेवलेली एखादी सुमो किंवा इंडिका आजही दूध, भाजी, रोपे आणि माणसे वाहताना भेटते. तिचा मालक गॅरेजवर अवलंबून न राहता जी थोडी कामे स्वतः करू शकतो, त्यांत हवा काढणे हे एक आहे. मात्र त्यामागचे कारण समजले पाहिजे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात डिझेलचा फवारा सोडताच तो पेटतो. पण दाबलेल्या हवेत फवारा घुसवायचा तर तो त्याहून किती तरी जास्त दाबाने आला पाहिजे. इंडिकासारख्या जुन्या, आधी वेगळ्या कप्प्यात जळण पेटवणाऱ्या इंजिनांत फवारा सोडणारे नोझल साधारण १२० ते १५० बार दाबाला उघडते. १ बार म्हणजे ढोबळमानाने आपल्या भोवतालच्या हवेचा दाब. म्हणजे आपल्याभोवती आहे त्याच्या सव्वाशे-दीडशे पट दाब पंपाला काही सहस्रांश सेकंदांत निर्माण करायचा असतो. आणि तोही किती डिझेलसाठी? निवांत चालणाऱ्या छोट्या इंजिनात एका फवाऱ्यात पाच-दहा घनमिलिमीटर, एका थेंबाहूनही कमी.

आता या जागी हवा आली तर काय होते ते घरीच पाहता येते. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये पाणी भरा, टोकाला बोट घट्ट लावा आणि दट्ट्या दाबा. तो हलत नाही. आता पाण्याऐवजी हवा भरून तेच करा. दट्ट्या सहज अर्ध्यापर्यंत आत जातो आणि सोडला की परत येतो. डिझेल पंपात नेमके हेच घडते. पंपाचा दट्ट्या आपला छोटासा फेरा पूर्ण करतो, पण सगळी मेहनत बुडबुडा आक्रसवण्यात जाते. नोझल उघडण्याइतका दाब तयारच होत नाही. दट्ट्या मागे आला की बुडबुडा पुन्हा फुगतो, पुढच्या फेऱ्यात पुन्हा आक्रसतो. इंजिन फिरत राहते, नोझल बंद राहते आणि धुराचा मागमूस दिसत नाही. हवा धरली आहे की आणखी काही बिघडले आहे, हे ओळखायला सायलेन्सर हा चांगला साक्षीदार आहे. सेल्फवर फिरताना पांढरट धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, दोष दुसरीकडे शोधावा. धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोचत नाही.

गंमत अशी की डिझेल इंजिनाच्या जन्मकाळी हवा ही डिझेलची शत्रू नव्हती, वाहक होती. रुडॉल्फ डिझेलने जर्मनीत १८९३ साली पेटंट मिळवले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. जळणातली सव्वीस टक्क्यांहून थोडी जास्त उष्णता ते कामात आणत होते, आणि त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना ते साधत नव्हते. पण द्रव जळण इतक्या दाबाने, इतक्या थोड्या मापाने ढकलणारा पंप तेव्हा कोणाला बनवता येत नव्हता. म्हणून वेगळ्या कॉम्प्रेसरने हवा दाबून त्या झोताबरोबर जळण आत उडवले जाई. कॉम्प्रेसर अवजड, म्हणून इंजिनही अवजड. जहाजात आणि वीजघरात ते शोभे, मोटारीत मावणे अशक्य होते. रॉबर्ट बॉशच्या श्टुटगार्टच्या कंपनीने १९२२ पासून मेहनत घेऊन १९२७ च्या अखेरीस जळणाचा पंप मोठ्या संख्येने बनवायला सुरुवात केली तेव्हा ट्रकांना आणि पुढे मोटारींना डिझेलचा रस्ता खुला झाला. १९३६ मध्ये मर्सिडीजने २६० डी ही डिझेल मोटार दाखवली. नव्या पंपाने कॉम्प्रेसर हटवला, पण त्याची अट कडक होती: त्याच्यापर्यंत फक्त डिझेल यावे, हवेचा कण नको आणि कचऱ्याचा तर नकोच.

कचऱ्याबद्दलची अट फिल्टरने पाळली जाते. पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात सील नसते. दोन पोलादी पृष्ठभाग एकमेकांत इतके नेमके बसवलेले असतात की मधली फट दोन ते चार मायक्रॉन राहते, म्हणजे मिलिमीटरच्या हजार भागांतले दोन-चार भाग. त्या फटीत शिरलेला धुळीचा कण कानशीसारखा घासतो. त्या फटीला वंगणही डिझेलचेच. म्हणूनच हवा भरलेला पंप मिनिटामिनिटाने सेल्फवर फिरवत राहणे ही सर्वांत महागडी सवय आहे. तो कोरडा फिरतो. फिल्टर काही शे रुपयांचा, पंप उघडून दुरुस्त करायचा तर हजारांचा हिशोब. आणि त्याच वेळी बॅटरी उतरते, सेल्फ मोटर तापते.

सेल्फने हवा निघत नाही असे नाही. पण एक साधे गणित करून पाहावे. पंपापासून नोझलपर्यंतची पोलादी नळी आतून २ मिलिमीटर आणि लांबीला ४५ सेंटिमीटर धरली, तर तिच्यात सुमारे १४०० घनमिलिमीटर डिझेल मावते. सुरू होताना पंप एका फवाऱ्यात २५ घनमिलिमीटर देतो असे धरले, तर रिकामी नळी भरायला ५५-६० फवारे लागतील. सेल्फवर इंजिन मिनिटाला २०० फेरे घेते आणि दर दोन फेऱ्यांना एका सिलिंडरला एक फवारा मिळतो. म्हणजे पंप पूर्ण भरलेला असतानाही नुसत्या नळ्या भरायला अर्धे मिनिट गेले. पंपच रिकामा, त्यामागे फिल्टर रिकामा आणि टाकीपर्यंतची नळी अर्धी रिकामी असेल तर सेल्फवर विसंबणारा माणूस बॅटरी संपेपर्यंत उभा राहतो. म्हणून हवा आधी हाताने काढायची, सेल्फ शेवटी.

हाताने काढायची सोय प्रत्येक गाडीत निराळी. काही गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर अंगठ्याने दाबायचे मोठे बटण असते. काहींत डिझेलच्या नळीतच रबरी फुगा असतो. ट्रॅक्ससारख्या, रांगेत दट्टे असलेल्या पंपाच्या गाड्यांत पंपाच्या अंगाला छोटा फीड पंप जोडलेला असतो आणि त्यावर फिरवून मोकळी करायची मूठ असते. ती वरखाली केली की टाकीतून डिझेल ओढले जाते. काम झाल्यावर ती मूठ पुन्हा फिरवून घट्ट बसवायची असते. ती सैल राहिली तर तिथूनच डिझेल गळते किंवा हवा शिरते, आणि जुन्या मुठीतले रबरी कडे झिजले असले तर घट्ट बसवूनही गळते.

सुदुंबऱ्यात या रबरी फुग्याचा एक जातभाऊ पाहायला मिळतो. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनचे, म्हणजे एनडीआरएफचे, मुख्यालय याच गावात आहे. २०१४ मध्ये माळीणवर डोंगर कोसळला तेव्हा आणि २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली गेली तेव्हा पुण्याची ही माणसे तिथे होती. पुरात चालणाऱ्या हवा भरलेल्या बोटींना मागे लावायची जी मोटर असते ती पेट्रोलवर चालते, पण तिच्या टाकीच्या नळीत तोच फुगा असतो, दोन्ही टोकांना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असलेला. दाबला की पेट्रोल मोटरकडे जाते, सोडला की टाकीकडून भरून येते. फुगा हाताला टणक लागेपर्यंत दाबायचा, मगच मोटर सुरू करायची. डिझेल गाडीतही हाच नियम आहे. फुगा मऊ आहे तोवर आत हवा आहे, टणक झाला की भरला.

आता प्रत्यक्ष काम. इंजिन थंड, गाडी सपाटीवर, आणि टाकीत डिझेल निदान पाव भाग तरी असावे. रिकाम्या टाकीवर बसून हवा काढणे हा वेळेचा अपव्यय आहे. जुना फिल्टर उतरवण्याआधी त्याच्या डोक्याभोवतीची माती डिझेलमध्ये भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसून घ्यावी, कारण तीच माती नंतर उघड्या तोंडातून आत पडते. इथे सूत सुटणारे कॉटन वेस्ट वापरू नये. नोझलचे छिद्र अडवायला त्यातला एक धागा पुरतो. खाली डबा धरावा. जुना फिल्टर उतरला की त्याचे रबरी कडे त्याच्याबरोबरच आले का, हे डोळ्यांनी पाहावे. ते कधी कधी वरच्या डोक्याला चिकटून राहते, त्यावर नव्या फिल्टरचे कडे बसते आणि दोन कड्यांच्या मधून हवा शिरत राहते. असा दोष शोधताना माणसे पंप उघडण्यापर्यंत जातात.

नव्या फिल्टरमध्ये आधीच डिझेल भरावे की नाही, यावर गॅरेजांत दोन तट आहेत. भरणाऱ्यांचे म्हणणे रास्त आहे: जितकी हवा डब्यातच कमी केली तितके पंपिंग वाचते. न भरणाऱ्यांचा आक्षेपही खरा आहे. आट्यांवर फिरवून बसवायच्या बहुतेक फिल्टरांत कडेच्या छोट्या छिद्रांतून डिझेल आत येते, कागदातून गाळले जाते आणि मधल्या मोठ्या भोकातून पंपाकडे जाते. कोणी मधल्या भोकातून डबा भरला तर ते डिझेल न गाळताच पंपात जाणार. तेव्हा भरायचेच तर कडेच्या छिद्रांतून, हळूहळू, कागदाला पिऊ देत भरावे, आणि डिझेल स्वच्छ डब्यातले असावे. पेट्रोल पंपावरून प्लॅस्टिकच्या जुन्या बाटलीत आणलेले नव्हे. ज्या गाडीत हाताने पंप करायची सोय आहे तिथे फिल्टर कोरडा बसवून पंप करणे अधिक सुरक्षित. सोय नसेल तर कडेने भरून बसवणे भाग आहे.

बसवल्यावर फिल्टरच्या डोक्यावरचा हवा काढायचा स्क्रू एक-दीड आटा सैल करावा आणि पंप मारायला सुरुवात करावी. आधी नुसता फुस्स आवाज येतो, मग फेस, मग फेसाबरोबर डिझेल. इथेच बहुतेक लोक थांबतात. फेस संपून बुडबुड्याविना सलग धार आली पाहिजे, आणि ती आली की पंप दाबलेला ठेवूनच स्क्रू आवळावा. आधी हात सोडला तर स्क्रूच्या आट्यांतून हवा परत ओढली जाते. त्यानंतर पुन्हा काही दाब द्यावेत, बटण किंवा फुगा कडक लागेपर्यंत. पंपावरही वेगळा स्क्रू असेल तर तिथेही हेच करावे. टाकीकडून पंपाकडे, डिझेल ज्या वाटेने जाते त्याच क्रमाने.

मग सेल्फ. एका दमात दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये एक मिनिट विश्रांती. ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबावे. इंजिन पकडते, लंगडते, एखादा सिलिंडर मिस मारतो आणि काही सेकंदांत सुरळीत होते. लंगडत असताना आवश्यकतेपेक्षा फार रेस करू नये. आतली उरलेली हवा जास्तीचे डिझेल परत नेणाऱ्या नळीतून टाकीत निघून जाते. ही रिटर्न लाईन म्हणजे जुन्या पंपाला मिळालेले वरदान आहे. इंजिनाला लागते त्याहून बरेच जास्त डिझेल पंपातून फिरते आणि बुडबुडे सोबत घेऊन माघारी जाते.

एवढे करूनही सुरू झाली नाही तर जुने मेकॅनिक नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून अर्धा आटा सैल करतात, दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगतात आणि तिथून डिझेल ओघळू लागले की आवळतात. सुमो-इंडिका-ट्रॅक्सच्या जुन्या पंपांवर ही रीत चालते. तेव्हाही चेहरा आणि हात दूर ठेवावेत, कारण दाबाचे डिझेल कातडीत शिरू शकते आणि अशी जखम लहान दिसली तरी तातडीने रुग्णालयात नेण्याची असते. नव्या, कॉमन रेल पद्धतीच्या गाडीत मात्र हा प्रकार कधीही करू नये. तिथला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. त्या गाड्यांत बहुधा टाकीत विजेचा पंप असतो, किल्ली चालू स्थितीत काही सेकंद ठेवून बंद करणे हे तीन-चारदा केले की तोच फिल्टर भरतो, नाही तर हाताच्या पंपाची सोय दिलेली असते. गाडीच्या पुस्तकात जे लिहिले आहे तेच करावे.

फिरत्या डोक्याच्या पंपाच्या गाड्यांत, म्हणजे जिथे एकच दट्ट्या चारही सिलिंडरांना पाळीपाळीने डिझेल वाटतो, दोन फसवे दोष असतात. पंपाच्या डोक्याजवळ डिझेल तोडणारी विजेची झडप असते. तिची तार काम करताना निघाली, तर जगातली सगळी हवा काढूनही गाडी सुरू होणार नाही. किल्ली फिरवताच तिचा ‘टक्’ असा आवाज येतो का, हे आधी ऐकावे. दुसरा दोष बॅन्जो बोल्टचा. डिझेल आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन बोल्ट सारखेच दिसतात, पण बाहेर जाणाऱ्याच्या आत बारीक छिद्र असते आणि त्याच्या माथ्यावर बहुधा ‘आउट’ असे इंग्रजीत कोरलेले असते. नळ्या काढताना ते अदलाबदल झाले तर पंपाच्या पोटातला दाबच बिघडतो.

काही गाड्यांचे दुखणे वेगळे असते. फिल्टर बदलून सहा महिने झाले, दिवसभर गाडी उत्तम चालते, पण रोज सकाळी मात्र सेल्फ खाते. खाली एक थेंबही सांडलेला नाही, म्हणून गळतीचा संशय कोणी घेत नाही. चूक इथेच होते. ज्या गाड्यांत पंप स्वतःच टाकीपासून डिझेल ओढतो, त्यांत टाकी ते पंप ही सगळी वाट ओढीखाली असते. तिथे भेग पडली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्या भेगेतून हवा शिरते आणि नळीतले डिझेल ओघळत टाकीत परत जाते. ट्रॅक्ससारख्या गाडीत फीड पंप फिल्टरच्या आधी असतो, त्यामुळे फिल्टरपाशी दोष असला तर तिथे ओल दिसते, पण टाकी ते फीड पंप या टप्प्यात मात्र तीच लपलेली हवा. पारखायची जुनी युक्ती आजही उत्तम आहे: पंपाला डिझेल येणाऱ्या नळीत वीतभर पारदर्शक, डिझेल सोसणारी नळी जोडायची आणि इंजिन चालू असताना तिच्यात बुडबुडे दिसतात का ते पाहायचे. दिसले तर टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत मागे जायचे. कडक झालेली रबरी नळी, दुसऱ्यांदा वापरलेला तांब्याचा वॉशर, चपटा झालेला ओ-रिंग, यांपैकी काही तरी सापडतेच.

जुन्या रबराला नव्या डिझेलचाही त्रास आहे. पुण्यात २००३ मध्ये भारत स्टेज दोन लागू झाले तेव्हा डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० होती. २०१० मध्ये ती ५० वर आली आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० आहे. हवेसाठी हे फार चांगले झाले. पण गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची घडणही थोडी बदलते आणि जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली नायट्राइल रबराची कडी आकसतात. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हा जुन्या पंपांतून गळतीच्या तक्रारी आल्या होत्या. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीत फिल्टर बदलताना रबरी नळ्या आणि वॉशर एकदम नवे घालणे म्हणूनच शहाणपणाचे आहे. तो खर्च फिल्टरच्या खर्चापेक्षा फारसा मोठा नाही.

मावळात याला पाण्याची जोड मिळते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. सुदुंबऱ्यापर्यंत येता येता तो बराच ओसरतो, पण दमट हवा काही ओसरत नाही. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की तिच्यातल्या हवेतली वाफ पत्र्यावर थेंब धरते आणि पाणी डिझेलहून जड म्हणून तळाशी जाते. फिल्टरच्या बुडाशी ते साचावे अशी रचना असते आणि तळाला ते सोडायचा स्क्रू दिलेला असतो. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीवही वाढतात. त्यांचा बुळबुळीत काळपट थर फिल्टरचा कागद लिंपून टाकतो. अशी गाडी सपाटीवर नीट चालते आणि बोरघाटात दगा देते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत सुमारे साडेपाचशे मीटर चढताना इंजिन सतत भराने डिझेल मागते, कोंदलेला फिल्टर तेवढे सोडत नाही, पंप जोर लावून ओढतो आणि ढिल्या जोडातून हवाही आत घेतो. घाटात दम तोडणाऱ्या जुन्या गाडीचा पंप उघडायच्या आधी फिल्टर पाहावा, हा सल्ला प्रत्येक जुन्या गाडीमालकाने मनावर घ्यावा.

डिझेल आणि गाळणे यांचे नाते शेतकऱ्यांना मोटारवाल्यांच्याही आधी कळले. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली. तिची पाच अश्वशक्तीची एका सिलिंडरची इंजिने महाराष्ट्रभर विहिरींवर बसली. त्यात टाकी वर आणि पंप खाली, म्हणून डिझेल आपोआप उतरते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे संपेपर्यंत थांबायचे, आवळायचे, हँडल मारायचे. मोटारीत टाकी मागे आणि खाली असते, एवढाच फरक. त्यामुळे ज्याने विहिरीवर एअर काढली आहे त्याला सुमोचे काम समजावून सांगावे लागत नाही.

सुदुंबऱ्याला संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी व्यवसायाने तेली होते. घाण्यातून निघालेले तेल निवळू द्यायचे, गाळ तळाशी बसू द्यायचा, ही त्या व्यवसायाची रोजची शिस्त. आणि १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात एक छोटे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते, हेही नोंदवण्यासारखे आहे. मात्र कोणी ते ऐकून गोडेतेल टाकीत ओतू नये. जाड तेल थंडीत घट्ट होते आणि फिल्टर कोंदून टाकते.

जुन्या फिल्टरमधून निघालेले डिझेल आणि पाणी गटारात किंवा बांधावर ओतू नये. या पट्ट्यातले ओढे इंद्रायणीला मिळतात आणि ती नदी आधीच पुरेशी सोसते आहे. डबा झाकून गॅरेजमधल्या जुन्या ऑईलच्या पिंपात द्यावा. फिल्टर बसवल्यावर लगेच घाटाकडे निघू नये, गावातच दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी, परत येऊन फिल्टरभोवती बोट फिरवून ओल पाहावी. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी असते. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली तर काम पुरे झाले. नाही झाली, तर पंपाला हात लावण्याआधी वॉशर आणि रबरी कडे पुन्हा पाहावे.